डिस्क बंद करायची का?

लॅमिंग्टन रोडवरून पन्नास डिस्कची चळत आणली.
पुरुषोत्तमकाकांनी वरची एक उचलली,
डोळ्याला भिंग लावलं, सत्तर वर्षांची सवय,
आणि म्हणाले, "मुलामा आहे. टिकेल किती?"
खोक्यावर शंभर वर्षं लिहिलंय, मी म्हटलं.
"खोक्यावर काय, आम्हीही लिहायचो."

ठाकूरद्वारच्या दीड खोलीत
कॉम्प्युटर देव्हाऱ्याशेजारी, कारण प्लग तिथेच.
तीन वर्षं मी कारेकरांची वंशावळ टाइप करत होते:
सात पिढ्या, एकशे बारा माणसं,
रेवदंड्याहून मचव्यातून आलेले नारोबा,
त्यांच्यासोबत म्हणे फक्त एक तराजू आणि खोटी वजनं
(हे काकांनी सांगितलं, आणि लगेच "लिहू नको" म्हणाले).
दुकानाच्या वह्या पान पान स्कॅन केल्या.
टाकणखाराचा वास तेवढा आला नाही.

आणि एक दावा.
बाई द्वारका, वय सव्वीस, धंदा घरकाम,
विरुद्ध तिघे सख्खे भाऊ.
धोबीतलावचं लघुवाद कोर्ट, साल अठ्ठावन्न.
नवरा गेल्यावर लेकीला घेऊन माहेरी आली,
आठ तोळे भावांकडे ठेवायला दिले.
लग्नसराई होती, दुकानात माल कमी होता.
भावांनी ते मुशीत घातले.
प्रतिवादी क्रमांक तीन: पुरुषोत्तम.

पहिल्या दोन डिस्क सत्त्याण्णव टक्क्यांवर अडकून वाया गेल्या.
काकूंनी त्या कबुतरं हाकलायला गॅलरीत टांगल्या,
दुपारभर समोरच्या भिंतीवर उजेडाचे तुकडे पळत होते.
तिसरी झाली.
पडद्यावर प्रश्न आला: डिस्क बंद करायची का?
"थांब," काका म्हणाले. यादी वाचली, बोट लावून.
"ही फाइल काढ. झाडातलं ते नावही."
एकदा लिहिलं की पुसता येत नाही, काका.
"मग?"
वर दुसरं सेशन लिहिता येतं. खालचं दिसत नाही.
"आहे पण दिसत नाही?"
हो.
भिंग खिशात ठेवायला त्यांना बराच वेळ लागला.
"तसं कर."

मी केलं. कुणी माझा हात धरला नव्हता.
अकरा प्रती, मार्करनं नाव घालून,
अमोघच्या मुंजीत पेढ्यांबरोबर वाटल्या.

काका गेले त्याला चौदा वर्षं झाली.
खाऱ्या हवेनं डिस्कची कड पिवळट पडली,
बुरशी एखाद्या नकाशासारखी आत सरकत आलेली.
माझ्या लॅपटॉपला आता ती गिळायला तोंडच नाही.
परवा ओशिवऱ्याहून फोन आला,
मी मृण्मयी, द्वारकाबाईंची नात,
तुमच्याकडे काही असेल का?

ड्राइव्ह शेजारच्यांकडून उसना आणला.
डिस्क दोनदा खाकरली, मग फिरली.
आधी वंशावळ उघडली.
तो जुना फॉन्ट आता जगात कुठे नाही.
नारोबा, पुरुषोत्तम, अमोघ, मी स्वतः,
सगळ्यांचा रोमन अक्षरांचा चिवडा झालेला,
मध्येच डॉलरची खूण, मध्येच नुसता चौकोन.
एकशे अकरा माणसं, एक धड वाचता येईना.

मग खालचं सेशन उघडलं.
स्कॅनला फॉन्ट लागत नाही.
मुद्रांकाचा कागद, कोर्टाचा गोल शिक्का,
आणि तळाशी निळ्या शाईत सही.
'द्वा'मधला व, द च्या पोटातून निसटायला निघालेला,
का च्या कान्यावर टाक इतका दाबलेला
की कागद पलीकडून उचलला असणार.

फोननं पडद्याचाच फोटो काढून पाठवला.
निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर रात्री, उशिरा:
"आजीला सही येत होती?
आमच्या रेशन कार्डावर तर तिचा अंगठा आहे."