निशाणी डाव्या हाताचा अंगठा

फैजपूरच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत
काचेच्या कपाटात एक वानर उभं आहे,
कायद्याच्या आधीचं, एकोणीसशे सत्तरचं.
सावद्याच्या रस्त्यावर विजेच्या तारेला चिकटून मेलं.
रुबाब तडवीच्या बापानं ते चुन्यात पुरलं,
दिवाळीनंतर उकरलं,
आणि पितळी तारेत हाड न् हाड ओवलं.
शेपटीचे दोन मणके कमी भरले होते.
तिथं त्यानं काय घातलंय
ते मी कधी विचारलं नाही.

कपाटावरची पट्टी माझ्या अक्षरात:
गण नरवानर. कुल जुन्या जगातली माकडं.
उपकुल पानखाऊ. मग प्रजाती. मग जाती.

दरवर्षी नव्या पोरांना सांगते,
डोळे बघा, बाजूचे समोर आले.
दोन चित्रं एकावर एक पडली तेव्हा खोली कळली;
पुढची फांदी किती लांब
हे नाकाला सांगता येत नाही, म्हणून नाक मागं पडलं.
नख्यांच्या जागी चपटी नखं.
गळ्याखालचं हे आडवं हाड,
गाईला नाही, घोड्याला नाही,
याला आहे, म्हणून हात बाजूला पसरतो,
म्हणून मिठी मारता येते.
दात? दोन, एक, दोन, तीन.
वर तेवढेच, खाली तेवढेच,
तुमच्याइतकेच.

रुबाब झाडू थांबवून जिभेनं स्वतःचे मोजतो.
"एकतीस," म्हणतो.
"एक बोदवडच्या डाक्टरानं घेतला."

अंगठा मात्र या वानराचा आखूड,
तळव्याच्या कडेला विसरल्यासारखा.
पानं ओरबाडायला चार बोटांचा आकडा पुरतो.
रुबाब नोकरीला लागला तेव्हा
त्यानं मला विचारलेला पहिला प्रश्न:
"बाई, याचा बी कडबाकुट्टीत गेलता का?"
आणि त्यानं आपला डावा हात पुढं केला.
चार बोटं. अंगठ्याच्या जागी गुळगुळीत गाठ.
याच हातानं तो बादली उचलतो, बरण्या पुसतो,
फॉर्मलिनचं झाकण मात्र मला उघडायला देतो.

यंदा फिरोजाला, त्याच्या पोरीला,
नर्सिंगला नंबर लागला.
जात पडताळणीच्या समितीनं विचारलं:
कूळ कोणतं? दैवत कोणतं?
लग्नात हळद कोण लावतं?
पन्नास सालाआधीचा पुरावा काय?
अठ्ठावीस वर्षं मी
कुल आणि जाती शिकवते आहे.
तो प्रश्न मला ओळखीचा वाटला,
आणि मग बराच वेळ
फळ्याकडे बघवलं नाही.

काल दुपारी त्यानं कागद आणला.
पाल रेंज, जंगलखातं, सेहेचाळीस सालची मजुरी,
सव्वातीन रुपये पावले.
खाली शाईचा एक काळा डाग
आणि कारकुनाचं घाईतलं अक्षर:
निशाणी डाव्या हाताचा अंगठा,
नथ्थू दलशेर तडवी.

"डाग दिसतो, बाई. हे लोक डाग म्हनतील."

मी बेडकाची ताटली बाजूला सारली,
कागद भिंगाखाली धरला.
डाग उघडला.
आत रेघा होत्या, एकीला एक बिलगून
मधल्या भोवऱ्याकडे चाललेल्या.
फांदी निसटू नये म्हणून या रेघा आल्या, असं म्हणतात;
कुणी दुसरंही कारण सांगतं.
मी रुबाबला काहीच सांगितलं नाही.
त्यानं वाकून पाहिलं,
पाहता पाहता त्याचा डावा हात
नकळत टेबलावर आला
आणि ती गाठ कागदाच्या कडेला टेकली,
जिच्यावर एकही रेघ नाही.

"हा आजा," तो म्हणाला. एवढंच.

पुढची तारीख सतराची.

मागं केळीच्या बागेत सुतळी बॉम्ब वाजला.
खिडकीपाशी अंजनाच्या फांदीवर
पोटाशी पिल्लू धरून बसलेली वानरीण,
रुबाब आणि मी,
तिघांनी एकाच क्षणी मान वळवली.
तिच्या तोंडात पान तसंच राहिलं.

कपाटावरची पट्टी एका कोपऱ्यात सुटली आहे.
डिंक आणायला हवा.