हजारी

रात्री अडीचला लाइट येते,
पंखा कण्हत फिरायला लागतो
आणि उशीखाली मोबाईल एकदा थरथरतो.
जिथे आता दुपार असेल अशा कुठल्यातरी देशात
कुणीतरी माझा एक फोटो घेतलाय.
छत्तीस सेंट.
मी कूस बदलतो.

‘झोपेतली कमाई,’ क्यामा लॅबवाला म्हणायचा,
‘तुमचं बरंय बे, गादीवर पडून डॉलर.’
नऊ वर्षं झाली. लग्नं घेणं काही सुटलं नाही.
मे महिन्यात जुळे सोलापूरच्या कार्यालयात
अक्षता पडताना घाम डोळ्यात उतरतो
आणि नवरी दोन दिसतात.

काय विकलं जाईल याला नेम नाही.
गड्ड्याला पहाटे चारपासून उभा राहून
नंदीध्वजांचे चारशे फोटो काढले, तीन गेले.
फ्लॅश तपासायला म्हणून
पांढऱ्या पुठ्ठ्यावर चहाचा रिकामा ग्लास ठेवला होता,
त्यानं पोरीच्या स्कूटीचे दोन्ही टायर बदलले.
चादरीवरचा गिरणीचा छाप
एकेक धागा पुसत काढावा लागतो, नाहीतर परत येते.
शेंगाचटणीखाली मी लिहितो:
लाल, पूड, तिखट, भारत.
खलबत्त्याचा आवाज कुठल्या शब्दाखाली शोधतील?

पण सगळ्यात जास्त फिरतात ते बालामणी येमूलचे हात.

विडी घरकुलात, उंबऱ्यावर,
मांडीवर सूप, सुपात पानं, कात्री, तंबाखू.
चार पानी फॉर्म मी मराठीत सांगितला,
सुनेनं तेलुगूत,
तिनं चष्मा पुसून तेलुगूत सही केली.
सून साक्षीदार.

मग ते हात निघाले.
पोलंडात सांधेदुखीच्या मलमावर,
एका बँकेच्या पेन्शन योजनेवर,
कुठल्याशा प्रार्थनेच्या कॅलेंडरवर, ऑक्टोबर महिना.
तिथे त्यांनी कात्री कापून टाकली होती,
पान कापून टाकलं होतं.
उरलेले हात खरंच
देवाकडे काही मागत असल्यासारखे दिसत होते.

फॉर्मप्रमाणे मी काही देणं लागत नाही.
तरी पाकिटात तेवीसशे घालून गेलो.
तिनं पैसे मोजले नाहीत.
विचारलं, ‘हजारी किती?’

मी मोबाईलवर गुणाकार केला.
हजार वेळा गेला तर सुमारे तीस हजार.
तिनं तिची हजारी सांगितली नाही.
मला ठाऊक आहे ती.
सून आत भांडी घासायची थांबली.

‘छाट निघती का तुमच्यात?’
निघते की. शंभरात वीस-पंचवीस.
फोकस नाही, उजेड नाही, विकण्याजोगं नाही.
‘आणि छाट कोण ठेवून घेतो?’
माझ्याकडेच राहते, म्हणालो.
‘आमची कारखानदार ठेवून घेतो,’ ती म्हणाली,
‘आणि ओढतो पण.’
आणि इतकी हसली की सूप हललं.

त्या दिवशीही ती अशीच हसली होती.
तो फोटो छाटीत आहे:
हात नुसतेच दोन पुसट पट्टे,
तोंड अर्धं उंबऱ्याबाहेर.
मी दाखवला.
तिनं मोबाईल लांब धरला, जवळ आणला.
‘हा काढून आण कागदावर. मोठा.’

मग सांगितलं तिला सगळं, पोलंड, बँक, कॅलेंडर.
तिनं दोन्ही पंजे उलटे केले, सुलटे केले,
नखांतली तंबाखू बघितली
आणि त्यांनाच म्हणाली,
‘कुठं कुठं फिरून येताव बे, न सांगता?’

पाकीट सुपाखाली सरकलं.
पाचला कारखान्याची गाडी यायची होती,
अजून सव्वादोनशे बाकी होत्या.