मधली खोली

कुओपिओत नोव्हेंबरात दुपारी तीनलाच अंधारतं.
तळघरात मात्र घड्याळ उलटं लावलेलं:
उंदरांची रात्र सकाळी आठला सुरू होते,
आणि राइली हिल्तुनेन तांबड्या दिव्याखाली
हातमोजे चढवते, बावीस वर्षांच्या सवयीनं.

आज सत्तेचाळीस नंबर.
उजव्या कानाला दोन खाचा, वजन चोवीस ग्रॅम.
याच्या एका जनुकातली काही अक्षरं
मुद्दाम खोडलेली, पणज्यापासून.

पेटीला तीन खोल्या.
डावीकडे तारेच्या पेल्याखाली एक अनोळखी उंदीर,
उजवीकडे तसाच पेला, रिकामा.
सत्तेचाळीसला मधल्या खोलीत सोडायचं, दारं उघडायची
आणि दहा मिनिटं मोजायचं,
कुणाकडे किती सेकंद.
पाहुण्याकडे गेला तर बरा होतोय.
रिकाम्या पेल्याकडे गेला तर नाही.
मधेच बसून राहिला
तर ते सेकंद कुठल्याच रकान्यात जात नाहीत.

आपल्याकडे डोंगर पोखरून उंदीर निघतो.
इथं उंदीर पोखरून
डोंगर काढायचाय.

आईपासून दूर केलेली पिल्लं हाका मारतात.
माणसाच्या कानाला त्या पोचत नाहीत,
यंत्र त्यांच्या निळ्या रेघा काढतं.
या वाणाची पिल्लं कमी हाका मारतात, असं अहवालात आहे.
कमी नाही, वेगळ्या, राइली एकदा म्हणाली.
डॉक्टर हेन्तोनेननी चष्मा पुसला,
ते पुढच्या लेखात बघू, म्हणाले.

घरी ओइवा. एकोणीस वर्षांचा.
शब्द चारच, त्यातला एक ‘नको’.
बर्चची लाकडं तो जाडीप्रमाणे रचतो,
इतकी चोख, की चुलीसाठी एखादं उचलताना
तिला चोरी केल्यासारखं वाटतं.
पाहुणे आले की तो ना त्यांच्यात, ना आपल्या खोलीत:
उंबरठ्यावर, चौकटीला पाठ टेकून,
एक पाय इकडे, एक तिकडे.
हा कुठला रकाना?

पण फेब्रुवारीतल्या त्या रात्री
तो मनगट चावत होता, रक्त येईतो, पहाटेपर्यंत.
भिंत आणि त्याचं डोकं यांच्यामध्ये
ती उशी धरून बसली होती.
तेव्हा कुणी बाटली पुढं केली असती
तर आधी कुठल्या उंदरानं चाखली
हे तिनं विचारलं नसतं.
म्हणून सकाळी आठला ती हजर असते.
हे ती कुणाला सांगत नाही.

बाटल्या दोन. लाल पट्टीची, पिवळ्या पट्टीची.
औषध कशात, ते तिला कळता कामा नये.
पण बावीस वर्षांच्या डोळ्यांना वाटायचं: पिवळी.
पिवळीवाले सरळ पाहुण्याकडे जायचे,
मिशा तारेतून आत घालायचे, रेंगाळायचे.
सत्तेचाळीस पिवळीचा.
त्याला ती एकदा हळूच म्हणालीही, शाब्बास.

डिसेंबरात पाकीट फोडलं.
पिवळीत मिठाचं पाणी होतं.

हेन्तोनेननी सगळ्यांना कॉफी ओतली, स्वतःची विसरले.
फरक नाही, हेही उत्तरच, ते म्हणाले,
पुढच्या वर्षी मात्रा वाढवू.

मग तो गेला कशामुळे?
तिनं त्याला कधी शेपटीनं उचललं नव्हतं,
ओंजळीतून आणायची.
पण ती सगळ्यांनाच ओंजळीतून आणते.

संध्याकाळी तिनं जुन्या चित्रफिती पुन्हा लावल्या.
वहीत पेन्सिलीनं एक रेघ ओढून नवा रकाना केला: मधली.
लाल असो की पिवळी,
सगळ्यांत जास्त सेकंद तिथंच निघाले.
तिथं ते काय करत होते?
बसले होते. नाक वर,
एकदा या दाराकडे, एकदा त्या.

घरी आली तर दार सताड उघडं,
ऊब बाहेर चाललेली, चौकटीत ओइवा.
ती ओरडली नाही. बूट न काढताच
समोरच्या चौकटीला पाठ लावून बसली.
बऱ्याच वेळानं त्यानं एक लाकूड तिच्याकडे सरकवलं:
सकाळी तिनं
चुकीच्या थरात ठेवलेलं.