डावा घोटा

तासगाव रस्त्याला बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे.
दोन कवाडांचं दार, बारा फूट उंच.
उघडलं की आतले चार अंश
बाहेरच्या अडतिसांना न विचारता
फरशी धरून चालू लागतात
आणि वरच्या अंगाने, तेवढ्याच मापात,
मार्च महिना आत शिरतो.

मालकांना विजेचं बिल उतरवून हवं होतं.
मला पीएचडी.
तेव्हा ते दार मी कॉम्प्युटरमध्ये बांधलं.
चाळीस लाख घरांची जाळी,
भिंतीलगत बारीक, मधे भोंगळ,
प्रतवारी करणाऱ्या चाळण्यांसारखी.
जाळीच्या डोळ्यांतून निसटतील ते भोवरे
सूत्राने भरून काढायचे.
जे दिसत नाही त्याचा प्रामाणिक अंदाज,
एवढंच आपलं शास्त्र, असं हिंगमिरे सर म्हणतात
आणि चहा सांगतात.

विश्रामबागची लॅब, रात्र, पंख्याची घरघर.
एक पाऊल म्हणजे सेकंदाचा दोन हजारावा भाग.
तेरा तास चालून माझी गार हवा
दारापासून तीन मीटर पोचते.
खऱ्या दारात तेवढ्या वेळात
बाबालाल मुजावरांची एक शिंक होते.

दोनदा सगळं फाटलं.
आकडे फुगत गेले,
एका घरातला वारा प्रकाशाच्याही पुढे पळाला
आणि पडद्यावर फक्त लाल.
पाऊल आखडलं. पुन्हा पहिल्यापासून.

तिसऱ्या पहाटे ती आली:
निळं, जड डोकं,
पाठीवर एकामागून एक वळ्या,
उठणाऱ्या, कलंडणाऱ्या,
गरम हवा कुशीत घेऊन
स्वतः थोड्या कमी गार होणाऱ्या.
डावीकडे जेवढं, उजवीकडे तेवढंच.
रांगोळी.
मी प्रिंट काढून दारावर घेऊन गेले.

बाबालालचाचांनी कागद लांब धरला.
"म्हस बरोबर हाय.
डोकं मोठं, नाक भुईपास्नं बोटभर वर.
अशीच येती.
पण ही सरळ चाललीया, पोरी.
आमची तिरकी."
आणि पँट वर केली.
डाव्या घोट्याला क्रेप बँडेज.
बावीस वर्षं.
"उजव्याला काय बी नाही बघ."

उदबत्ती घेऊन मी उभी राहिले.
डावं कवाड आलं. उजवं बिजागरीत अडलं.
चाचांनी त्याला खांदा लावला,
डावा पाय उघड्या फटीत.
एक, दोन, तीन, चार.
खालचा धूर त्यांच्या घोट्याला वळसा घालून
वजनकाट्याकडे वळला,
वरचा आत गेला,
आणि मधला, छातीच्या उंचीचा,
कुणीकडे जायचं ते न कळून
जागीच थरथरत राहिला.

माझ्या फाइलीत एक ओळ होती:
दार उघडण्यास लागणारा वेळ, शून्य.
पुस्तकात दार नसतंच.
भिंत असते, आणि मग नसते.

तशीच लॅबला आले.
डावं आधी, उजवं चार सेकंद उशिरा.
चौदा तासांनी निळं डोकं तिरकं निघालं,
कोपऱ्यात काट्यापाशी एक भोवरा बसून राहिला,
आणि नवव्या सेन्सरचे आकडे,
जे मी बिघाड म्हणून खोडले होते,
जुळले.
मला आनंद झाला. मग घोटा आठवला.

रीडिंगं अजून तीन आठवड्यांची बाकी होती.
सरांना फोन केला, त्यांनी उचलला नाही.
स्टेशन चौकातून ग्रीसचा डबा घेतला,
फिटरला सोबत नेलं.
संध्याकाळपर्यंत उजवं कवाड
बोटाने ढकललं तरी फिरायला लागलं.
म्हणजे आता माझं पहिलं, चुकीचं चित्र
खरं होणार होतं.

दुसऱ्या दिवशी ट्रक लागला.
चाचांनी डावं कवाड ओढलं,
उजव्याला खांदा लावला,
ते अडत नाही हे खांद्याला कळेपर्यंत
तसेच टेकून उभे राहिले.
मी घड्याळ लावलं होतं.
चार सेकंद.