खोका

पहिले आठ दिवस गोळी नव्हतीच.
उस्ताद नेगी नळीच्या टोकावर रुपया ठेवायचे
आणि म्हणायचे, दबा.
रुपया पडला की कोपरांवर रांगत बाभळीपर्यंत, परत.
माळव्याची काळी माती कोपरांत अशी बसते
की रविवारच्या आंघोळीलाही हलत नाही.

साँस आधी छोड़, आधी रख.
हे मला ठाऊक होतं.
मारोठिया बाजाराच्या मागे, आमच्या दुकानात,
बाबा सुईत दोरा ओवताना अर्धा श्वास असाच धरतात,
गिऱ्हाईक समोर बडबडत असलं तरी.
दुकान इथून चौदा किलोमीटर.
सहा आठवडे सुट्टी नाही.

आज सकाळी बटमध्ये ड्यूटी.
आम्ही चरात, डोक्यावर पुठ्ठ्याची माणसं.
गोळी जाते तेव्हा आधी चाबूक वाजतो,
बंदुकीचा आवाज मागून येतो, सावकाश.
फायर थांबला की माणूस खाली ओढायचा,
छातीच्या भोकांवर मैद्याच्या लईनं
कागद डकवायचे, आणि पुन्हा वर.
रफू असा हवा की कापडालाही आठवू नये, बाबा म्हणतात.
माझे कागद वाकडे.
ठिगळांचा माणूस तसाच उभा राहिला, उन्हात,
पुढच्या पाचांसाठी.

दुपारी आमची पाळी. डावीकडे थावरिया, झाबुव्याचा,
दोन्ही डोळे उघडे ठेवून मारतो.
उस्ताद ओरडतात, एक बंद कर!
तो करतो. आणि उघडतो.
त्याची पाचही एका वाटीत मावतील अशी.
माझी तीन पुठ्ठ्यात, दोन
कुठेतरी सोयाबीनच्या दिशेला, टेकाडात मेली असावीत.
त्यांचं कुणी विचारलं नाही.

मग खोके मोजले.
चोवीस जण, पाच-पाच. एकशेवीस हवेत.
एकशे एकोणीस.
परत मोजले. एकशे एकोणीस.

मग अख्खी प्लाटून गुडघ्यांवर. गवत बोटांनी विंचरत,
तळव्यांत गोखरू, घशात धूळ.
दुकान बंद करताना बाबा फरशीवरून लोहचुंबक फिरवतात,
दिवसभराच्या टाचण्या धावत येऊन चिकटतात.
मी तेही सुचवलं.
पितळ आहे भिया, मागून कुणीतरी म्हणालं,
आणि दमलेले चोवीस जण हसले.

सूर्य गेला. टॉर्च आले.
घाम पुसायला हात वर केला
तर बाहीच्या दुमडीतून काहीतरी
टणकन दगडावर.
थावरियाचा खोका. त्याच्या रायफलीतून उडालेला,
माझ्या बाहीत थंड होत बसलेला तीन तास.
कातडीवर बोराएवढा लाल डाग.
मला कळलंही नव्हतं.

रायफल डोक्यावर धरून टेकाडापर्यंत पाच चकरा.
चौथीला थावरिया शेजारी पळायला लागला,
न सांगता. उस्तादांनी बघितलं, बोलले नाहीत.

रविवारी रांगेत दोन मिनिटं फोन.
बाबांनी एवढंच विचारलं, वर्दी अंगाला बसते ना?
म्हटलं, बसते.
बाही थोडी सैल आहे.