एक हजार चोवीस अक्षरांची जागा

उद्यमनगरात सकाळी पावणेसातला
भट्टी अजून थंड, वाळू रात्रीची दमट,
आणि लॅबच्या खोलीत अक्काताई मगदूम
स्टूल ओढून काळ्या पडद्यासमोर बसलेली.

पडद्यावर दोनच ओळी.
वरची नवी, जमाखर्चाची.
खालची जुनी, जिच्यावाचून
लोखंडातला कार्बन मोजणारं यंत्र तोंडच उघडत नाही.
खालचा बाण. एंटर.
मग इंग्रजीत एक कुरकुर:
विरळ फाइल चालणार नाही,
पुढं जायला कुठलीही कळ दाबा.

दीड वर्ष, रोज.

"काल निवडलेलं आज याला आठवत कसं नाही?"
"त्याला कशाला बोलतोस? मी दाबतो की.
कळ दाब म्हणतंय, दाबतो.
गुडघ्याचीबी अशीच दाबतो."

शाहूपुरीतल्या दुकानातून आणलेली पिशवी
मी टेबलावर ठेवली. चहा आला. निवला.

ग्रब नाव त्याचं.
सगळ्यांच्या आधी उठतो,
हाक मारतो ज्याला मारायची त्याला,
आणि घर जागं झालं की
त्या घरात कुठंच नसतो.
वाचता त्याला सगळं येतं:
जुन्या फॅटची आखूड, ठसठशीत नावं,
एक्स्ट-फोरची समास सोडलेली वही,
आणि नव्या मंडळींचे गुंतागुंतीचे कारभार.
लिहायला मात्र एकच जागा,
तीही दुसऱ्यानं आधी आखून ठेवलेली.
एक हजार चोवीस अक्षरं.
त्यात निवड लिहायची,
उरलेलं भरून काढायचं
##########
असं, काठापर्यंत.
वाढवायचं नाही, सरकवायचं नाही,
नवी जागा मागायची तर नाहीच.

शेजारच्या शेडमध्ये पोरं साच्याची पेटी ठोकत होती.
पेटी एकदा ठोकली
की रस तेवढाच.

दीड वर्षामागं मालकांचा भाचा पुण्याहून आला
आणि डिस्कवर नवी फाइलसिस्टीम घालून गेला.
चांगली आहे ती, खोटं का बोला.
जुन्या अक्षरावर कधी गिरवत नाही.
काही बदललं की कोऱ्या जागी नव्यानं लिहिते,
मग बोट तिकडं वळवते,
आणि पानापानाची बेरीज
वेगळी जपून ठेवते.
अशा घरात पहाटेच्या माणसानं
अंधारात जुन्याच ओळीवर पेन टेकवलं
तर बेरीज चुकणार, सकाळी सगळं पान खोटं ठरणार.
हे त्याला ठाऊक आहे.
म्हणून हात मागं घेतो.

म्हणजे विसरत नव्हता तो.
दीड वर्ष
लिहीतच नव्हता.

मी डिस्कच्या कडेला एक खोली काढली,
पाचशे मेगाबाइटांची, जुन्या वळणाची,
जिथं गिरवलेलं चालतं.
त्याचं बिऱ्हाड तिथं हलवलं,
जागा पुन्हा आखून दिली,
काठापर्यंत ####.
बिलावर काय लिहावं कळेना.
"जागा करून दिली", रुपये साडेतीनशे.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम गेलो.
पावणेसात. स्टूल. काळा पडदा.
खालची ओळ आपली आपण उजळलेली,
कुरकुर नाही,
आकडे उलटे चाललेले: पाच, चार,
आणि अक्काताईचं बोट
दीड वर्षाच्या सवयीनं
खालच्या बाणावर.

खाली आणखी ओळच नव्हती.
पण कळ लागली तसं
मोजणं थांबलं.
तीनवर.
यंत्र गप्प उभं राहिलं,
तिच्याकडं तोंड करून.

मी सांगणार होतो,
हात लावला नसता तरी गेलं असतं.
तिनं पदर खोचला, एंटर दाबलं,
माझ्याकडं बघून म्हणाली,
"बघ. माझ्याबिगर जातंय व्हय?"

बाहेर भोंगा झाला.
मी पिशवीची चेन ओढली.