उखळीचा सांधा

कट्-कट्, प्रत्येक वळणावर. मग खड्ड्यात एकदा, मोठ्यानं.
सान इग्नासिओपासून डोंगरातल्या शेवटच्या गोठ्यापर्यंत
पाण्याच्या टाकीखाली वर्षभर हाच आवाज.
मी रेडिओ मोठा करायचे.
बाबा म्हणाले, रेडिओनं चाक निखळायचं थांबत नाही, कासिल्दा.

पिकअप उंच केला तो आन्सेल्मोनं.
तीन इंच वर, टायर रुंद, ऐट अशी की
पोरं रस्त्यात थांबून बघायची.
मग गेला एन्सेनाडाला. फोन नाताळला.
उंची त्याची, ओझं माझं,
मधल्या मध्ये झिजला बॉल जॉइंट.

कंपनीनं म्हणे खात्री दिली होती:
सीलबंद आहे, आयुष्यभर वंगण नको.
कुणाचं आयुष्य, ते सांगितलं नव्हतं.

खजुरीखाली गाडी जॅकवर.
बाबांनी टायरखाली पहार घालून उचकटलं
आणि गोळी आपल्या वाटीत चक्क नाचली.
उखळात डोकं घालून बसलेली ती,
दोन लाख किलोमीटर
मुसळं मोजली नव्हती तिनं.

बाबांचा उजवा खांदाही असलाच.
हात कानाच्या वर जात नाही.
टोपी काढायला डोकं हातापाशी आणतात,
चर्चमध्ये लोकांना ते फार भाविक वाटतात.

म्हणून घण माझ्याकडे.
"खालच्या आर्मखालचा जॅक हलवू नकोस.
स्प्रिंग दबलेली आहे, सुटली तर नाव विचारणार नाही."
"नट पूर्ण काढू नको. दोन आटे राहू देत."
"बोल्टवर नाही गं! त्याच्या बाजूला, कानशिलावर,
जिथं लोखंडानं लोखंडाला गच्च धरलंय तिथं."

पहिला घाव. काही नाही.
दुसरा, तिसरा. कुत्रा उठून लांब गेला.
मग मोजायचं सोडलं
आणि धप्‌कन
अख्खा पिकअप एक श्वास खाली आला.

वरच्या सांध्याला रिबिटा होत्या, चार.
ड्रिलची तीन पाती त्यांनी खाल्ली.
त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

नवे सांधे तिहुआनाहून बसनं आले होते,
चपलांच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळून.
ठोकून घडवलेलं पोलाद, हातात घेतलं की मनगट कळतं,
आणि डोक्यावर ग्रीस भरायचं इवलं निपल.
"हा दर महिन्याला मागणार," मी म्हणाले.
"मागू दे. न मागणारा बघितला ना आपण."

प्रेसचा स्क्रू फिरवता फिरवता
सांधा जागेवर बसला, हूं नाही की चूं नाही.
कंगोऱ्यांचा नट आवळला तर पिनेचं भोक जुळेना.
मी नट केसभर मागे घ्यायला लागले.
बाबांनी पान्यावर हात ठेवला, डावा, धडका.
"मागे नाही. पुढची खाच येईपर्यंत पुढेच.
सैल करून जुळवलेलं रस्त्यात सुटतं."
आन्सेल्मोबद्दल विचारणार होते तेव्हाच,
पण तोंडात स्प्लिट पिन धरली होती.

दोरी ताणून चाकांची नजर सरळ केली.
ग्रीसगन दाबत राहिले, रबराची टोपी फुगली,
कडेनं निळसर वळी आली बाहेर.
ती बाबांनी बोटावर घेतली,
आणि कुणी बघत नाही असं समजून
खांद्यावर चोळली.

दुसऱ्या दिवशी डोंगर चढले.
तेच दगड, तोच कोरडा ओढा,
निवडुंगांची तीच उंच, बिनकामाची गर्दी.
रेडिओ बंद. काहीच वाजेना,
तर मीच कान देऊन काहीतरी शोधत होते.

रेफुहिओ म्हातारीच्या फाटकाशी कुणी नव्हतं.
एरवी मैलभरावरून कट्-कट् ऐकून
शेळ्या रांगेनं येऊन उभ्या राहायच्या.
तीनदा हॉर्न दिला.
म्हातारी पदराला पीठ पुसत आली,
डोळ्यांवर हात धरून म्हणाली, कोण?

पाणी, मी म्हणाले.

तिनं गाडीकडं नीट बघितलं.
"आजारी आहे का ती?"

करडू पुढच्या चाकाशी गेलं,
ग्रीस हुंगलं,
आणि शिंकलं.